फौजांच्या वाटेवरचा मुलूख

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी, रामेश्वर, बदरीकेदार, निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. आम्ही आज वाचकांस ज्या प्रवासाला नेणार आहोंत तो इतका लहान आहे, कीं त्याला प्रवास म्हणावें कीं फेरफटका, असा प्रश्न पडावा. बुलढाण्याहून निघून घाट उतरावा व रोहिणखेड पाहावें, पुन्हां घाटावर येऊन साखरखेर्डा गांठावें, आणि सिंदखेडराजावरून देऊळगांव राजाला मुक्काम करून घरीं परतावें, एवढीच त्याची धांव. तीन दिवस, एस. टी.चीं तिकिटें, आणि आमच्या कुटुंबानें बरोबर बांधून घेतलेल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी, एवढ्यांत सर्व आटोपलें. परंतु पस्तीस वर्षांच्या मास्तरकीचा जो हिशेब या तीन दिवसांत आम्हांला द्यावा लागला, तो काशीयात्रेंत खचित द्यावा लागला नसता.

निघण्याचें निमित्त असें झालें. आमच्या घराजवळ एका देवळाचा पार आहे. तेथें आम्ही सहा-सात पेन्शनर मंडळी सायंकाळीं जमतों. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियाच्या फौजा युक्रेनांत शिरल्या, आणि तेव्हांपासून आमचा पार हेंच एक रणांगण झालें. एक निवृत्त तहसीलदार म्हणत, कीं १९७१ सालीं जो आपल्या पाठीशीं उभा राहिला त्याला आज नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होय. पोस्टांतून निवृत्त झालेले दुसरे गृहस्थ म्हणत, कीं दुसऱ्याच्या घरांत बळानें शिरणारा तो दरोडेखोरच, मग तो आपला मित्र असो वा नसो. तिसऱ्यांचा भाचा तिकडे वैद्यकी शिकावयास गेलेला. तो सुखरूप परत येईपर्यंत त्यांना कोणताच पक्ष सुचेना. आणि चौथे सूर्यफुलाच्या तेलाच्या भावावर बोलत. २ मार्च रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेंत १४१ राष्ट्रांनीं आक्रमणाचा निषेध केला, ५ राष्ट्रें विरुद्ध गेलीं, आणि ३५ तटस्थ राहिलीं. त्या ३५ मध्यें आपला देश होता. आमच्या पारावर मात्र तटस्थ असा एकहि मनुष्य नव्हता!

अशाच एका संध्याकाळीं आम्हांला घरीं न्यावयास आलेला आमचा सातवींतला नातू मध्येंच म्हणाला, “आजोबा, आपल्या जिल्ह्यावर कधीं बाहेरची फौज आली होती का?”

आमच्यांतला इतिहासशिक्षक जागा झाला. “एकदां का? पुष्कळदां,” असें म्हणून आम्हीं रोहिणखेड, साखरखेर्डा, असई, अडगांव अशीं नांवें सनावळीसह घडाघडा म्हणून दाखविलीं. मंडळींनीं माना डोलावल्या. मुलगा थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “मग तेव्हां इथल्या लोकांना काय वाटलं?”

आम्ही निरुत्तर झालों. “तें पुस्तकांत नाहीं,” एवढेंच आम्हीं कसेंबसें सांगितलें. त्यावर तो सहज म्हणाला, “मग तुम्हीं कुणाला विचारलं नाहीं?”

या प्रश्नानें आमची झोंप उडविली. संस्कृत व इतिहास हे दोन विषय आम्हीं जन्मभर शिकविले. लढाई कोणीं जिंकली, कोणता तह झाला, किती मुलूख गेला, हें मुलांकडून पाठ करून घेतलें. परंतु ज्यांच्या शेतांत ती लढाई झाली त्यांचें मत काय, हें आम्हीं वर्गांत कधींहि विचारलें नाहीं. त्याच वर्षीं मार्गशीर्षांत, ज्वारीच्या हुरड्याच्या दिवसांत, आम्ही उभयतां निघालों तें या एका प्रश्नाचें उत्तर शोधावयास.

बुलढाणा हें नांव भिल्लठाणा या शब्दापासून आलें असें सांगतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर हें गांव वसलें आहे. राजूर घाटाच्या तोंडाशीं उभें राहिलें म्हणजे वऱ्हाडचा सारा इतिहास भूगोलाच्या एका पानावर दिसूं लागतो. खालीं उत्तरेस पूर्णा नदीचें काळ्या मातीचें खोरें, तो पायनघाट. आपण उभे आहोंत तो बालाघाट. नर्मदा ओलांडून बऱ्हाणपुरास आलेल्या ज्या सेनेला या बाजूनें दक्षिणेंत शिरावयाचें, तिला या रांगेंतील कोणता ना कोणता घाट चढावाच लागे. तात्पर्य, आमचा जिल्हा हा कोणाच्या राजधानीचा मुलूख नव्हे. तो फौजांच्या वाटेवरचा मुलूख आहे.

रोहिणखेड हें गांव मोताळा तालुक्यांत अगदीं डोंगराच्या पायथ्याशीं आहे. तेथें १५८२ सालीं खुदावंतखान महदवी यानें बांधलेली एक लहान पण देखणी मशीद आहे. तिच्या सावलींत बसून आम्हीं आमच्या कुटुंबास येथील लढाईची हकीकत सांगितली, ती थोडक्यांत वाचकांसहि सांगतों.

अहमदनगरच्या निजामशाहींतील बुऱ्हाण नांवाचा राजपुत्र भावाच्या भीतीनें पळून बादशहा अकबराच्या आश्रयास राहिला होता. पुढें नगरच्या गादीवर खुद्द त्याचाच अल्पवयी मुलगा इस्माईल यास बसविण्यांत आलें, आणि खरी सत्ता महदवी पंथाचा सरदार जमालखान याच्या हातीं गेली. बापानें गादीवर हक्क सांगितला. अकबरानें त्याच्या मदतीस आपली फौज देऊं केली. त्यावर बुऱ्हाणानें जें उत्तर दिलें तें त्या काळीं दक्षिणेंतच असलेल्या फेरिश्ता या इतिहासकारानें नोंदवून ठेविलें आहे. त्याचा आशय असा, कीं मोगलांची फौज मजबरोबर दिसली तर दक्षिणी लोक बिथरतील व मजपासून दूर पळतील. यास्तव मला एकट्यालाच जाऊं द्यावें.

हें उत्तर आम्हीं पूर्वी अनेकदां वाचलें होतें. परंतु तें ज्या जागेसंबंधीं दिलें गेलें त्या जागेवर बसून त्याचा विचार केला तो या दिवशीं प्रथम. नातवानें विचारलेलें लोकमत तें हेंच नव्हे काय? लोकांनीं तें स्वतः लिहिलें नाहीं. लिहिणें त्यांना येत नव्हतें आणि कोणीं विचारलेंहि नव्हतें. परंतु ज्याला त्याची भीति वाटली त्याच्या तोंडून तें ग्रंथांत उतरलें. अर्थात् बुऱ्हाणाच्या मनांत मुख्यतः सरदार व शिलेदार असतील. नांगर धरणारा कुणबी त्याच्या हिशेबांत कितपत होता कोण जाणे. तथापि अकबरासारख्या बादशहाची आयती फौज नाकारावी, इतकें वजन त्या न बोललेल्या मताला होतें, ही गोष्ट लहान नव्हे.

कौटिल्यानें सैन्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. वंशपरंपरेचें तें मौल, पगारी तें भृत, संघांचें तें श्रेणीबल, मित्रानें दिलेलें तें मित्रबल, शत्रूकडून आलेलें तें अमित्रबल, आणि अरण्यवासी टोळ्यांचें तें आटविक. यांत आधींचें तें पुढच्यापेक्षां बरें, असा त्याचा क्रम आहे. म्हणजे मित्राचें सैन्य हेंदेखील चौथ्या पायरीवर! बुऱ्हाणानें अर्थशास्त्र वाचलें नव्हतें. पण मागून आणलेली फौज मागणाऱ्याचें नांव खराब करते, हें तो जाणून होता.

पुढें खानदेशच्या राजा अलीखानाचें साहाय्य घेऊन तो आला. १५९१ सालच्या उन्हाळ्यांत रोहिणखेडाजवळ लढाई झाली, जमालखान गोळी लागून पडला, इस्माईल हातीं लागला, आणि बाप मुलाला बाजूला सारून गादीवर बसला. परंतु चारच वर्षांनीं बुऱ्हाण वारला, नगरच्या दरबारांत तट पडले, आणि मियां मंजू या कारभाऱ्यानें आपल्या तटाच्या बचावासाठीं अकबराचा मुलगा मुराद यास सैन्यासह बोलावणें धाडलें. बुऱ्हाणानें जें टाळलें होतें तें यानें एका पत्रानें केलें. मागाहून त्याला पश्चात्ताप झाला. पण आलेली फौज पश्चात्तापानें परत जात नसते. चांदबिबीनें नगरचा किल्ला शर्थीनें लढविला. तरी १५९६ सालीं तहांत वऱ्हाड मोगलांस देऊनच तिला तो राखतां आला. भांडण नगरच्या दरबाराचें, आणि किंमत दिली आम्हां वऱ्हाडकरांनीं.

आमचें व्याख्यान संपतां संपतां एक म्हातारे शेतकरी जवळ येऊन बसले होते. ते म्हणाले, “गुरुजी, लढाई झाली म्हनता ते खरं हाय. पन लढाईच्या आंधी फौज आठ-आठ दिस पडून राह्यते नं? त्यायच्या घोड्यायनं काय खाल्लं असन? कोन्याबी राजाचा घोडा कडबा इचारून खात नाई.”

आणि इतका वेळ गप्प असलेलें आमचें कुटुंब म्हणालें, “अहो, उन्हाळ्याचे दिवस म्हणतां. मग दोन-दोन फौजा पाण्यावर बसल्यावर गांवच्या बायका घागरी घेऊन कुठं गेल्या असतील?”

पस्तीस वर्षांत हे दोन प्रश्न आमच्या वर्गांत कोणीं विचारले नाहींत; कारण आम्हींच ते विचारावयास शिकविलें नाहीं.

दुसरे दिवशीं आम्ही पुन्हां घाट चढून साखरखेर्ड्याला गेलों. श्रीप्रल्हादमहाराज रामदासी यांच्यामुळें हें गांव आमच्या कित्येक वाचकांस भक्तिभावानें परिचित असेल. परंतु इतिहासांत त्याचें नांव निराळ्याच कारणानें आहे. ऑक्टोबर १७२४ मध्यें येथें निजामुल्मुल्क व हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली. दोघेहि एकाच दिल्लीच्या बादशहाचे नोकर. दख्खनची सुभेदारी निजामाकडून काढून मुबारिझखानास देण्याचें कारस्थान दिल्लींत शिजलें होतें. बाजीराव पेशव्यांच्या मराठी फौजेचें साहाय्य निजामाला झालें. मुबारिझखान रणांत पडला, आणि निजामाचें स्वतंत्र राज्य दख्खनमध्यें जें रुजलें तें येथपासून. ज्याला मराठ्यांनीं येथें हात दिला त्याच निजामाशीं १७२८ सालीं पालखेडला त्यांना लढावें लागलें, आणि पुढेंहि दोन पिढ्या लढावें लागलें. मित्रबलाचा हा दुसरा धडा.

विजयी निजामानें या गांवाचें नांव बदलून फत्तेखेर्डा असें ठेविलें. सरकारी दप्तरांत तें चढलें. इंग्रजी अमलांतील गॅझेटियरांतहि तें आढळतें. परंतु आज एस. टी.च्या पाटीवर काय आहे? साखरखेर्डा. बाजारांत, लग्नपत्रिकेंत, शाळेच्या दाखल्यावर साखरखेर्डा. कोणीं सभा भरविली नाहीं, कोणीं अर्ज केला नाहीं, कोणीं तुरुंगांत गेलें नाहीं. लोकांच्या जिभेनें तें नांव घेतलें नाहीं, एवढेंच. तीनशें वर्षांपूर्वींच्या कुणब्याचें, वाण्याचें, जोशाचें मत पाहावयाचें असेल तर तें त्या पाटीवर पाहावें. आमच्या कुटुंबानें त्या पाटीकडे पाहून म्हटलें, “साखर सोडून फत्ते कोण तोंडांत घालील?” या टीकेवर आम्हांला अधिक भाष्य करवेना.

साखरखेर्ड्याहून सिंदखेडराजाकडे गाडी लागली. जिजाऊमाउलीचें हें जन्मस्थान. तिच्या वडिलांची, लखुजी जाधवरावांची, समाधि येथें आहे. निजामशाही व मोगल या दोन चाकांमध्यें सांपडलेला हा पराक्रमी पुरुष. आज इकडे, उद्यां तिकडे असें करतां करतां १६२९ सालीं देवगिरीवर निजामशहाच्या दरबारांत पुत्रांसह मारला गेला. परक्यांच्या भांडणांत आपली तलवार भाड्यानें देण्याचा शेवट काय, हें ज्या मुलीनें माहेरीं पाहिलें, तिनेंच आपल्या मुलाच्या मनांत स्वतःच्या राज्याची गोष्ट घातली, असें आम्हीं वर्गांत नेहमी सांगत असूं. समाधीसमोर उभें राहून तें पुन्हां पटलें.

सिंदखेडाच्या वायव्येस, जिल्ह्याची हद्द ओलांडली कीं जालना जिल्ह्यांत असई हें गांव लागतें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें शिंदे-भोसल्यांचा व इंग्रजांचा सामना झाला. या लढाईंत परका कोण, हें सांगणें अवघड आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापति पोलमन हा जर्मन. आर्थर वेलस्लीच्या सैन्यांतले बहुतेक शिपाई मद्रासकडचे. आणि त्याच्या दिमतीस म्हैसूरचे व खुद्द पेशव्यांचेहि स्वार! कारण ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें दुसऱ्या बाजीरावानेंच इंग्रजांची फौज मागून घेतली होती. तेथून युद्ध वऱ्हाडांत उतरलें. २९ नोव्हेंबरला अडगांव, १५ डिसेंबरला गाविलगड, आणि १७ डिसेंबरला देवगांवचा तह, असें तें तीन महिन्यांत आटोपलें. तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला व निजामाकडे आला. पुस्तकांत येथें प्रकरण संपतें. त्यापाठोपाठ १८०३–०४ चा जो दुष्काळ दख्खनवर व वऱ्हाडावर पडला, तो आम्हीं शिकवीत असूं तो “नैसर्गिक आपत्ति” या सदराखालीं. पाऊस पडला नाहीं हें खरें. परंतु उभीं पिकें व पेवें फौजांनीं आधींच साफ केलीं होतीं, हेंहि तितकेंच खरें. रोहिणखेडच्या म्हातारबांनीं आम्हांला ही चूक दाखविली.

आतां सर्वांत मोठा धडा. निजामानें आपल्या रक्षणासाठीं इंग्रजांशीं तैनाती फौजेचा करार केला. त्याखेरीज इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची, पण निजामाच्या खर्चाची, हैदराबाद कंटिंजेंट म्हणून आणखी एक फौज उभी राहिली. लढाई असो नसो, पगार चालूच. तो थकला, कर्ज झालें, कर्जावर व्याज चढलें. अखेर १८५३ च्या तहानें त्या फौजेच्या खर्चापोटीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. म्हणजे रखवालदाराच्या पगारांत घराची ओसरीच गेली! १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून वऱ्हाड कायमचा पट्ट्यानें घेतला. १९३६ सालच्या करारानें कारभार मध्यप्रांताबरोबर राहिला, सार्वभौमत्व कागदोपत्रीं निजामाचें मानलें गेलें, आणि त्याच्या युवराजाला “वऱ्हाडचा राजपुत्र” असा किताब मिळाला. १८५३, १९०२, १९३६ यांपैकीं एकाहि वेळीं वऱ्हाडच्या रयतेला तिचें मत विचारण्यांत आलें नाहीं. इंग्रजी अमलांत खामगांवची कापसाची पेठ वाढली, १८७० सालीं तेथें रेल्वे आली, शाळा निघाल्या. त्यामुळें बहुतेक वऱ्हाडकरांना निजामी अमलांत परत जावेंसें वाटत नसे हें उघड आहे. परंतु “परत जाऊं नये” असें वाटणें निराळें, आणि “आम्हांला गहाण ठेवा” असें म्हणणें निराळें.

संध्याकाळीं देऊळगांव राजाला उतरलों. बालाजीचें दर्शन घेऊन देवळाच्या ओवरींत बसलों, आणि येथें आम्हांला आमच्या मातोश्रींची आठवण झाली. किंबहुना तिच्यासाठींच हा मुक्काम ठेविला होता.

१९४८ सालीं हें गांव सरहद्दीवरचें होतें. इकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. तिकडे जालना, जाफराबाद, म्हणजे निजामाचें हैदराबाद संस्थान. आमच्या मातोश्रींचें माहेर जाफराबादेच्या बाजूच्या एका खेड्यांतलें. कासीम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ वाढल्यावर त्या सालच्या उन्हाळ्यांत आमच्या आजोबांनीं एका रात्रीं बैलगाडींत बायकामुलें घातलीं, बैलांच्या गळ्यांतलीं घुंगरें सोडून ठेविलीं, आणि सात-आठ कोस चालून पहाटे देऊळगांवांत आणून सोडलें. मातोश्री तेव्हां नऊ वर्षांच्या. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें. १७ तारखेस निजामानें शस्त्रें खालीं ठेवलीं. निजामाच्या वकिलांनीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें यास परकीय आक्रमण म्हटलें. भारत सरकारनें यास पोलीस कारवाई म्हटलें. आणि आमच्या आजोबांनीं यास सुटका म्हटलें. देऊळगांवांत त्या दिवशीं पेढे वाटले गेले. ही गोष्ट मातोश्री आम्हां भावंडांना दरवर्षीं सांगत, आणि ती नेहमी पेढ्यांपाशीं संपे.

त्यापुढची गोष्ट त्यांनीं शेवटच्या दुखण्यांत सांगितली. पंधरा-वीस दिवसांनीं मंडळी गाडी जोडून आपल्या गांवीं परतलीं. घर शाबूत होतें. परंतु शेजारचें रंगाऱ्याचें घर उघडें पडलें होतें. दारें नव्हतीं, माणसें नव्हतीं. ते मुसलमान कुटुंब रझाकारांत नव्हतें. उलट त्या रात्रीं आमच्या आजोबांच्या गाडीला ज्यानें वेशीपर्यंत सोबत केली तो तो रंगारीच. त्याची मुलगी मातोश्रींची मैत्रीण. निघतांना तिनें आपले सागरगोटे मातोश्रींच्या ओंजळींत घातले होते, “परत आलीस कीं दे,” म्हणून. तीं माणसें कोठें गेलीं, हें गांवांत कोणी बोलेना. मातोश्रींनीं एकदां आपल्या वडिलांना विचारलें. ते उठून बाहेर गेले. पुन्हां त्यांनीं विचारलें नाहीं.

पुढें आम्हीं या विषयाचें वाचन केलें. पंडित नेहरूंनीं त्याच सालअखेर पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांची समिति संस्थानांत पाठविली. तिचा अहवाल कित्येक दशकें बंद राहिला. कारवाईच्या काळांत व त्यानंतर निदान २७ ते ४० हजार माणसें प्राणांस मुकलीं असा तिचा अंदाज आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे अधिक होरपळले असें ती म्हणते. मातोश्रींचा भाग त्यांत नाहीं. तरी एक घर तेथेंहि रिकामें होतें.

वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात तो योग्यच होय. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं लोकांनीं तुरुंग व लाठ्या सोसल्या. रझाकारांनीं गांवेंच्या गांवें जाळलीं. बहुसंख्य प्रजेला संस्थानांत राहणें नकोसें झालें होतें. त्या कारवाईसंबंधीं आमचें मत आमच्या आजोबांचेंच आहे, आणि तें बदलावें असें आम्हांला वाटत नाहीं. परंतु मत बरोबर असलें म्हणजे हिशेब पुरा झाला असें नव्हे, हें आम्हांला साठी उलटल्यावर कळलें. कौटिल्यानें जिंकलेल्या देशाची शांति करणें यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. तेथील लोकांचा वेष, भाषा, आचार राजानें आपला मानावा, त्यांचे देव व उत्सव यांना मान द्यावा, असें तो सांगतो. लढाईच्या प्रकरणांनंतर तें प्रकरण येतें. आम्ही मात्र विजयाच्या तारखेपाशीं पुस्तक मिटीत आलों. मातोश्री पेढ्यांपाशीं गोष्ट मिटीत आल्या, तशाच.

तिसरे दिवशीं घरीं परतलों. नातवानें दारांतच विचारलें, “मिळालं उत्तर?”

आम्हीं त्याला जवळ बसवून सांगितलें, कीं लोकांनीं आपलें मत लिहून ठेविलें नाहीं, परंतु त्याच्या खुणा आहेत. एका राजपुत्राला त्याची भीति वाटली, ती रोहिणखेडास आहे. गांवानें दिलेलें नांव घेतलें नाहीं, ती खूण साखरखेर्ड्याच्या पाटीवर आहे. फौजेच्या पगारापायीं सबंध वऱ्हाड गहाण पडला, ती खूण तहाच्या कागदांत आहे. आणि चौथी आपल्या घरांत आहे. असें म्हणून आम्हीं देव्हाऱ्याखालचा पितळी डबा काढला व त्यांतले पांच सागरगोटे त्याच्या हातावर ठेविले. त्याला सर्व हकीकत सांगितली. पेढ्यांपर्यंतची आणि पेढ्यांनंतरचीहि. तो बराच वेळ ते हातांत फिरवीत बसला. मग म्हणाला, “हे आपले नाहींत तर.” आम्हीं म्हटलें, “नाहींत.” त्यानें ते पुन्हां डब्यांत ठेवून झांकण लावलें.

पारावर तहसीलदारांनीं विचारलें, “काय मास्तर, शेवटीं तुमचा पक्ष कोणता?” आम्हीं सांगितलें, कीं परक्याच्या देशांत फौज घालणें हें आम्हांला पूर्वीहि चूक वाटत होतें, आजहि वाटतें. मात्र आतां नकाशावर बोट ठेवून बोलण्याआधीं, तेथें ज्वारी कोणाची उभी आहे आणि पाणी कोण भरतें, एवढें आम्ही मनाशीं विचारून घेतों. तहसीलदार हंसले, पण त्या दिवशीं वाद थोडा हळू आवाजांत झाला.

शेवटीं वाचकांस एकच विनंति आहे. १९४८ सालीं जीं मुलें आठ-दहा वर्षांचीं होतीं तीं आज नव्वदीच्या घरांत आहेत. आपल्या घरांत, आळींत, आजोळीं असें कोणी असेल तर त्यांच्यापाशीं एक दुपार जाऊन बसावें. त्यांची नेहमीची गोष्ट संपली म्हणजे उठूं नये, थोडें थांबावें, आणि विचारावें, “मग पुढें काय झालं?” आम्हीं तें विचारलें नाहीं. मातोश्रींनीं आपण होऊन सांगितलें म्हणून आम्हांला कळलें. सर्वांनाच ती संधि मिळते असें नाहीं.